जुन्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स: यंत्र ओळखण्यापासून पहिल्या व्हर्च्युअल मशीनपर्यंत

दोन प्रोसेसर, रॅमच्या डझनभर जागा, सहा-आठ डिस्कचे खण असा सेवेतून काढलेला जुना सर्व्हर हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यावर कोणता हायपरवायझर (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) टाकू? नवख्यांना माझे सांगणे असे की या प्रश्नापासून सुरुवात करू नका. आधी यंत्र नीट ओळखा, सॉफ्टवेअर नंतर निवडा. नव्या सर्व्हरवर निवड तुमच्या हातात असते. जुन्यावर ती प्रोसेसरची पिढी, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारे कार्ड) आणि नेटवर्क कार्ड यांनी बरीचशी आधीच करून ठेवलेली असते. हे लक्षात न घेता सुरुवात केली, तर इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबतो आणि नेमके कुठे अडले तेही कळत नाही.

‘जुना’ म्हणजे इथे साधारण २००६ ते २०११ या काळातली यंत्रे धरली आहेत: डेल पॉवरएज २९५० किंवा आर७१०, एचपी प्रोलायंट डीएल३८० जी५ ते जी७, आणि त्यांच्या बरोबरीचे इतर. तुमच्याकडे यापेक्षा नवे काही असेल तर खालच्या निम्म्या अडचणी तुम्हाला येणारच नाहीत.

चालवण्याजोगा आहे का, हे आधी ठरवा

दोन प्रोसेसरचा जुना सर्व्हर काही काम करत नसतानाही बरीच वीज खातो. सरासरी २०० वॅट धरले, तर दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस मिळून १४४ युनिट होतात. वर्षभर चालू ठेवायचा असेल तर हा आकडा आधी समोर असू द्या. २००६ ते २००८ च्या पिढीतली पूर्ण बफर केलेली डीडीआर-२ रॅम स्वतःच बरीच वीज खाते आणि तापते, त्यामुळे तिथे अनावश्यक पट्ट्या काढून ठेवल्या तरी फरक पडतो. शिकण्यासाठी, प्रयोगासाठी, रात्री बंद ठेवता येईल अशा कामासाठी ही यंत्रे मला फार उपयोगी वाटतात. दिवसरात्र चालणाऱ्या एखाद्याच छोट्या सेवेसाठी मात्र ती वापरू नका.

प्रोसेसरची पिढी

व्हर्च्युअलायझेशनसाठी प्रोसेसरमध्येच सोय लागते. इंटेलची व्हीटी-एक्स ही सोय २००५ च्या अखेरीस बाजारात आली, एएमडीची एएमडी-व्ही २००६ मध्ये. त्याआधीच्या झिऑनमध्ये (इंटेलच्या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये) ६४ बिट असले तरी ही सोय नाही. त्यामुळे २००४-०५ चा सर्व्हर असेल तर पूर्ण व्हर्च्युअल मशीन विसरा. कंटेनर, म्हणजे त्याच लिनक्सवर चालणारे हलके, स्वतंत्र कप्पे, मात्र तिथेही चालतील. त्यांच्याकडे पुढे येतो.

नुसती व्हीटी-एक्स असणे पुरेसे नाही. गेस्टच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) स्मृतीचे पत्ते होस्टच्या (मूळ यंत्राच्या) खऱ्या पत्त्यांशी जुळवण्याचे काम प्रोसेसर स्वतः करतो की सॉफ्टवेअरला करावे लागते, यावर वेग फार अवलंबून असतो. इंटेलमध्ये हे काम करणारी ईपीटी ही सोय नेहालेम पिढीपासून, म्हणजे सर्व्हरमध्ये २००९ च्या झिऑन ५५०० मालिकेपासून मिळते. एएमडीत तिसऱ्या पिढीच्या ऑप्टेरॉनपासून, म्हणजे २००७ पासून तशीच सोय आहे. ती नसेल तर हायपरवायझरला पत्त्यांची दुसरी सावली-यादी सतत ताजी ठेवावी लागते. मशीन चालते, पण डेटाबेससारखे स्मृतीवर ताण देणारे काम तिथे रेंगाळते.

थोडक्यात, इंटेलच्या बाबतीत तीन गट करा. झिऑन ५१००, ५३००, ५४००: व्हीटी-एक्स आहे, ईपीटी नाही. झिऑन ५५००: ईपीटी आहे, पण एईएस कूटलेखनाच्या खास सूचना नाहीत. झिऑन ५६००: दोन्ही आहेत. निवड करता येत असेल तर ५६०० मालिकाच घ्या. ५५०० साठीच्या अनेक मदरबोर्डवर बायोस अद्ययावत केल्यावर ५६०० चे प्रोसेसर बसतात, आणि जुन्या सर्व्हरमध्ये करण्याजोगी सर्वात फायद्याची सुधारणा हीच.

खात्री करून घ्यायला कोणतेही लिनक्स पेनड्राइव्हवरून थेट चालू करा आणि टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या. फ्लॅग्जच्या यादीत इंटेलसाठी व्हीएमएक्स, एएमडीसाठी एसव्हीएम शोधा. इंटेलवर ईपीटी आणि एईएसही तिथेच दिसतील. ही यादी कागदावर उतरवून ठेवा, शेवटच्या टप्प्यात ती पुन्हा लागणार आहे.

प्रॉक्समॉक्सच का

बरेच जण व्हीएमवेअर ईएसएक्सआयचे नाव ऐकून येतात. सॉफ्टवेअर चांगलेच आहे, पण जुन्या यंत्रांशी त्याचे नाते तुटलेले आहे. २०१८ च्या ६.७ आवृत्तीने झिऑन ५५०० आणि ५६०० ही नावे समर्थित यादीतून काढली. २०२० च्या ७.० आवृत्तीने लिनक्सच्या ड्रायव्हरवर बेतलेला जुना थर पूर्ण काढून टाकला, आणि त्याबरोबर अनेक जुनी रेड व नेटवर्क कार्डे दिसेनाशी झाली. जुना प्रोसेसर खपवून घेण्याचा एक बूट पर्याय आहे, पण त्याने ड्रायव्हर परत येत नाहीत. ईएसएक्सआयची ६.५ किंवा ६.० आवृत्ती टाकता येईल, मात्र तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. शिकण्यापुरते, बंदिस्त नेटवर्कमध्ये ठीक आहे.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीला विंडोज सर्व्हर २०१६ पासून ईपीटीसारखी सोय सक्तीची आहे, म्हणजे पहिला गट तिथेच बाद. व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ पासून प्रोसेसरमधल्या सोयीशिवाय चालणे बंद केले, आणि तसेही ते सर्व्हरपेक्षा मेजावरच्या संगणकासाठी जास्त योग्य.

प्रॉक्समॉक्स व्हीई हे डेबियन लिनक्सवर उभे आहे आणि आतून केव्हीएम हा लिनक्सचाच हायपरवायझर वापरते. केव्हीएम २००७ च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आले, म्हणजे आपल्या यंत्रांच्याच वयाचे. ईपीटी नसतानाही ते चालते, कर्नलमध्ये जुन्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर अजून टिकून आहेत, आणि त्याच पडद्यावरून कंटेनरही बनवता येतात. जुन्या सर्व्हरसाठी ही तिन्ही कारणे वजनदार आहेत.

आवृत्ती कोणती? प्रॉक्समॉक्स ९ ऑगस्ट २०२५ मध्ये आले, डेबियन १३ वर आधारित. आधीच्या ८ चे समर्थन ऑगस्ट २०२६ पर्यंतचे. आधी चालू आवृत्तीच करून पाहा. तिचे कर्नल एखाद्या कार्डावर अडले तरच मागे या. समर्थन संपलेली आवृत्ती इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर ठेवू नका.

झाकण उघडा

वीजेच्या दोन्ही वायरी काढून झाकण उघडा. धूळ साफ करा, पंखे हाताने फिरवून पाहा, फुगलेले कपॅसिटर दिसतात का ते बघा. मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी बदला. ती मेलेली असली की घड्याळ मागे जाते. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे वाटून अद्यतने नाकारली जातात, आणि माणूस नेटवर्कमध्ये चूक शोधत बसतो.

रॅम बसवताना दोन नियम पाळा. रजिस्टर्ड आणि साध्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत. सर्व्हर सुरूच होणार नाही. आणि झिऑन ५५०० पासून स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आत गेला आहे, त्यामुळे दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या बाजूच्या रॅमच्या जागा निरुपयोगी असतात. या पिढीत प्रत्येक प्रोसेसरला तीन चॅनल आहेत. पट्ट्या तीनच्या पटीत, दोन्ही बाजूंना सारख्या वाटून लावा. एकेका चॅनलमध्ये तिसरी पट्टी घातली की रॅमचा वेग ८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. पण व्हर्च्युअलायझेशनमध्ये रॅमचे प्रमाण तिच्या वेगापेक्षा जास्त उपयोगाचे, म्हणून मी जागा भरण्याच्या बाजूने कौल देईन.

मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. ईसीसी रॅम एका बिटाची चूक गुपचूप दुरुस्त करते, त्यामुळे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीतही डोकवा. एखाद्या पट्टीच्या नावापुढे दुरुस्त चुकांच्या नोंदी साचल्या असतील तर ती पट्टी आताच काढा.

रेड कार्ड: इथे घाई करू नका

जुन्या सर्व्हरवरच्या इन्स्टॉलमध्ये सर्वात जास्त अडचणी याच जागी येतात, म्हणून इथे थोडे थांबू.

पहिली गोष्ट ड्रायव्हरची. डेलची पर्क ५/आय, ६/आय आणि एच७०० ही कार्डे मेगारेड ड्रायव्हरवर चालतात आणि प्रॉक्समॉक्सला सहसा विनातक्रार दिसतात. एचपीच्या स्मार्ट अॅरे पी४१० चेही तसेच. पी४०० मात्र वेगळे. त्याचा जुना सीसीआयएसएस ड्रायव्हर कर्नल ४.१४ मध्ये काढून एचपीएसए या नव्या ड्रायव्हरमध्ये मिसळला गेला. नवा ड्रायव्हर एखादे जुने कार्ड आपणहून उचलत नसेल, तर बूट करताना त्याचा ‘अलाऊ एनी’ हा पर्याय १ करावा लागतो. डीएल३८० जी५ वर इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसली नाही, तर डिस्क बदलत बसण्याआधी हा पर्याय तपासा.

दुसरी गोष्ट डिस्कच्या आकाराची. पर्क ६/आय आणि एलएसआयच्या १०६८ई चिपवरची कार्डे एका डिस्कचे २ टेराबाइटपुढचे काही पाहू शकत नाहीत. मोठी डिस्क लावली तर ती कापलेली दिसते किंवा दिसतच नाही. हे फर्मवेअर बदलून सुटत नाही. कार्डच बदलावे लागते.

तिसरी गोष्ट बॅटरीची. रेड कार्डावरची स्मृती लिखाण आधी स्वतःकडे घेते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मध्येच वीज गेली तर तेवढा वेळ ती जपायला कार्डावर स्वतंत्र बॅटरी असते. या वयाच्या यंत्रात ती बहुधा मेलेली असते. मग कार्ड सावध होऊन प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर करू लागते, आणि व्हर्च्युअल मशीन इतक्या संथ होतात की प्रोसेसर जुना म्हणून असे होते, असा गैरसमज होतो. सेटिंगमध्ये ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक’ असा पर्याय सापडेल. तो लावू नका. एका वीजखंडात सगळ्या गेस्टची फाइल-व्यवस्था एकदम बिघडू शकते. नवी बॅटरी आणा, नाहीतर संथपणा स्वीकारा.

चौथी गोष्ट झेडएफएसची. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर झेडएफएस ही फाइल-व्यवस्था देतो आणि ती मोहात पाडणारी व्यवस्था आहे. पण तिला डिस्क थेट हाताळायच्या असतात. मध्ये रेड कार्डाची भिंत चालत नाही. वर सांगितलेली डेलची कार्डे आणि पी४१० डिस्क थेट पुढे देतच नाहीत. एकेका डिस्कचे वेगळे रेड-० बनवण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते, मात्र त्यात डिस्कच्या तब्येतीची खरी माहिती झेडएफएसपर्यंत नीट पोहोचत नाही आणि कार्ड मेले की नेमके तसलेच दुसरे कार्ड शोधावे लागते. त्यापेक्षा दोन सरळ मार्ग आहेत. कार्डाचे रेड वापरायचे असेल तर वर ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था आणि एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी करणारी सोय) ठेवा. झेडएफएसच हवे असेल तर डिस्क जशाच्या तशा दाखवणारे साधे एसएएस कार्ड बसवा. डेलच्या एच२०० वर तसे फर्मवेअर चढवता येते. नवख्यासाठी पहिला मार्ग पुरेसा चांगला आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी. कार्डाच्या स्वतःच्या पडद्यात जाऊन आधीच्या मालकाची जुनी रचना पुसा. त्यातली माहिती कोणाला हवी आहे का, हे पुसण्याआधी विचारून घ्या. मग बूटसाठी एक वेगळा, छोटा लॉजिकल खंड (रेड कार्ड एकच डिस्क म्हणून दाखवते तो भाग) करा आणि उरलेली जागा दुसऱ्या खंडात ठेवा. या यंत्रांत बहुधा यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) नसते, जुने बायोस असते, आणि त्याला २ टेराबाइटपेक्षा मोठ्या खंडावरून बूट होणे जमेलच असे नाही. बूटचा खंड लहान असला की हा प्रश्नच उरत नाही.

बायोसमधल्या नोंदी

डेलमध्ये एफ२, त्या काळच्या एचपीमध्ये एफ९. प्रोसेसरच्या विभागात ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ चालू करा. अनेक सर्व्हर ती बंद ठेवूनच कारखान्यातून बाहेर पडले आहेत. ‘एक्झिक्यूट डिसेबल’ किंवा ‘एनएक्स’ तीही चालू हवी. तारीख आणि वेळ नीट लावा. बदल जतन झाल्यावर नुसते रिस्टार्ट करू नका, सर्व्हर पूर्ण बंद करून वायर काढा आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावा. काही यंत्रांवर ही सोय थंड सुरुवात झाल्याशिवाय खऱ्या अर्थाने लागू होत नाही.

वीज-व्यवस्थापनाचा पर्याय असेल तर तो ऑपरेटिंग सिस्टमकडे सोपवा. बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध असेल तर याच वेळी टाका, पण उत्पादकाच्याच अधिकृत जागेवरून घेतलेली.

पेनड्राइव्ह आणि बूट

प्रॉक्समॉक्सची आयएसओ उतरवून तिची एसएचए-२५६ बेरीज अधिकृत पानावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. ती पेनड्राइव्हवर एचर या प्रोग्रामने लिहा. रूफस वापरत असाल तर ‘डीडी’ पद्धत निवडा. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह बूट होत नाही.

सर्व्हर चालू करून डेल आणि एचपी दोन्हींत एफ११ दाबा. जुन्या डेलमध्ये पेनड्राइव्ह वेगळ्या नावाने दिसत नाही. ‘हार्ड ड्राइव्ह सी’ या नोंदीच्या आत गेलात की तिथे तो सापडतो. पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा असेल आणि अडत असेल तर साधा यूएसबी २ चा घ्या, मागच्या पोर्टला लावा. तरीही नाही जमले तर आयएसओ डीव्हीडीवर लिहा. सीडीवर ती मावत नाही, त्यामुळे सर्व्हरचा ड्राइव्ह फक्त सीडीचा असेल तर बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लागेल.

सर्व्हरच्या दूरनियंत्रण पोर्टवरून हे सगळे करण्याचा विचार असेल, तर त्या काळचे पडदे जावावर चालतात आणि सुरक्षित जोडणीच्या ज्या जुन्या पद्धती वापरतात त्या आजचे ब्राउझर नाकारतात. पहिल्या इन्स्टॉलसाठी खरा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडणेच वेळ वाचवते.

इन्स्टॉलरचे पडदे

मेनूत ‘ग्राफिकल’ आणि ‘टर्मिनल यूआय’ असे दोन पर्याय दिसतील. या सर्व्हरमधली छोटी चित्र-चिप ग्राफिकल पडद्यावर अडू शकते, काळा पडदा येतो किंवा चित्र फाटते. सरळ टर्मिनल यूआय निवडा, त्यात काहीही कमी नाही. त्यातही पडदा काळा झाला तर बूटच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द, मध्ये जागा न सोडता, इंग्रजीत लिहून पुढे जा.

‘हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन सापडले नाही’ असा इशारा आला तर पुढे जाऊ नका, पुन्हा बायोस आणि थंड सुरुवात. प्रोसेसरच जुना असेल आणि फक्त कंटेनर चालवायचे असतील, तर मात्र निर्धास्त पुढे जा.

डिस्क निवडताना तो छोटा खंड निवडा, फाइल-व्यवस्था ईएक्सटी४. पासवर्ड, ईमेल, वेळ-क्षेत्र या नोंदी सरळ आहेत. नेटवर्कच्या पडद्यावर मात्र नीट लक्ष द्या. मागे दोन किंवा चार पोर्ट असतात आणि यादीत तेवढी नावे. वायर कोणत्या पोर्टला आहे ते मॅक पत्त्यावरून जुळवा. आयपी पत्ता स्थिर असतो, तो तुमच्या राउटरच्या आपोआप वाटपाच्या टप्प्याबाहेरचा द्या. यंत्राचे नावही विचारपूर्वक ठेवा, कारण त्यावर मशीन तयार झाल्यानंतर ते बदलणे किचकट आहे.

ब्रॉडकॉमच्या जुन्या नेटवर्क चिपना चालू होण्यासाठी वेगळे फर्मवेअर लागते. साध्या डेबियनच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये ते नसायचे. प्रॉक्समॉक्समध्ये ते सोबतच येते, त्यामुळे त्याची चिंता नको.

पहिला लॉगिन

दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता आणि त्यापुढे ८००६ हे पोर्ट लिहा, सुरुवातीला सुरक्षित जोडणीचे ‘एचटीटीपीएस’ लावायला विसरू नका. प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच बनवलेले असल्यामुळे ब्राउझर इशारा देईल. तो ओलांडून ‘रूट’ नावाने आत या.

सर्वप्रथम रिपॉझिटरीच्या (अद्यतने जिथून येतात त्या भांडारांच्या) पानावर जाऊन सशुल्क एंटरप्राइज रिपॉझिटरी बंद करा, सेफ (Ceph) नावाची असेल तर तीही, आणि ‘नो सबस्क्रिप्शन’ जोडा. मग अद्यतने घ्या. हे न करता अद्यतन दाबले तर ४०१ ची चूक येते आणि नवखा माणूस घाबरतो.

मग दुसरा, मोठा खंड साठवणीसाठी जोडा: डिस्कच्या विभागात एलव्हीएम-थिन बनवले की झाले. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) यावर मिळतात.

डिस्कची तब्येत पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेड कार्डाच्या मागच्या डिस्क पडद्यावर दिसत नाहीत, खंडच दिसतो. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेला कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो, तेव्हा एकेक डिस्कचे चाललेले तास आणि बिघडलेले भाग कळतात. जुन्या सर्व्हरसोबत आलेल्या डिस्कवर हे केल्याशिवाय काहीही महत्त्वाचे ठेवू नका.

व्हर्च्युअल मशीन की कंटेनर

ईपीटी नसलेल्या पहिल्या गटातल्या यंत्रांवर माझा सल्ला स्पष्ट आहे: जे कंटेनरमध्ये चालते ते कंटेनरमध्येच चालवा. एलएक्ससी कंटेनरला व्हीटी-एक्स लागतच नाही. तो होस्टचेच कर्नल वापरतो, त्यामुळे प्रत्येक गेस्टसाठी वेगळे कर्नल आणि वेगळी राखीव रॅम खर्ची पडत नाही. ज्या यंत्रावर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन धापा टाकतात, तिथे हलक्या सेवांचे बरेच कंटेनर आरामात नांदतात. मर्यादा दोन: विंडोज चालणार नाही, आणि सेंटओएस ७ सारखी जुनी व्यवस्था आत चालणार नाही, कारण ती ज्या जुन्या संसाधन-नियंत्रण पद्धतीवर उभी आहे ती प्रॉक्समॉक्स ९ ने काढून टाकली आहे.

व्हर्च्युअल मशीन बनवताना नवखे हमखास अडतात ती जागा म्हणजे प्रोसेसरचा प्रकार. प्रॉक्समॉक्स ८ पासून नव्या मशीनसाठी ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ हा प्रकार आपोआप निवडलेला असतो. सुरुवातीला उतरवून ठेवलेली फ्लॅग्जची यादी आता काढा. झिऑन ५५०० वर एईएस नाही, म्हणून मशीन सुरू होण्यास सरळ नकार देते. तिथे नुसते ‘एक्स८६-६४-व्ही२’ निवडा. ५१०० ते ५४०० मध्ये व्ही२ साठी लागणाऱ्या एसएसई ४.२ सूचनाही नाहीत, तिथे ‘केव्हीएम६४’. त्या काळच्या ऑप्टेरॉन २३०० किंवा ६१०० लाही तेच. सर्व्हर एकटाच असेल आणि मशीन दुसऱ्या यंत्रावर हलवायची नसेल, तर कुठल्याही पिढीवर ‘होस्ट’ निवडा. प्रोसेसरकडे जे आहे ते सगळे गेस्टला मिळते.

पण प्रोसेसरकडे जे नाही ते कोणताही प्रकार निवडून मिळत नाही, आणि गेस्ट निवडताना हे आड येते. व्ही२, व्ही३ हे प्रोसेसरच्या सूचनांचे चढते टप्पे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला व्ही२ हवे, म्हणजे ५५०० पासून पुढेच. १० ला व्ही३ हवे, त्यात एव्हीएक्स-२ येते, जे आपल्या यादीतल्या एकाही सर्व्हरकडे नाही. अल्मालिनक्स १० व्ही२ साठी वेगळी बांधणी देते, ती वापरता येईल. मोंगोडीबी ५.० पासून एव्हीएक्स मागते, तीही नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती एसएसई ४.२ शिवाय सुरूच होत नाही. डेबियन १३ मात्र या सगळ्या ६४ बिट प्रोसेसरवर चालते. म्हणूनच पहिला गेस्ट म्हणून मी तेच सुचवतो.

डिस्क आणि नेटवर्क दोन्हींसाठी व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली वेगवान जोडणी) निवडा. लिनक्सला त्याचे ड्रायव्हर आधीच असतात, विंडोजसाठी त्यांची वेगळी आयएसओ जोडावी लागते. कोर वाटताना हात आखडता घ्या: दोन पुरेसे, कमी पडले तर वाढवता येतात. होस्टसाठी निदान २ गिगाबाइट रॅम मोकळी सोडा.

एखादे पीसीआय कार्ड थेट गेस्टला देण्याचा विचार असेल तर एक अडथळा माहीत असू द्या. इंटेलच्या ५५०० आणि ५५२० चिपसेटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत इंटरप्ट वळवण्याच्या सोयीत दोष आहे आणि कर्नल ती सोय स्वतःहून बंद करते. ‘असुरक्षित इंटरप्ट चालू द्या’ असा पर्याय देऊन कार्ड पुढे देता येते. मात्र त्यात गेस्ट आणि होस्टमधली भिंत पातळ होते. फक्त स्वतःच्या, विश्वासाच्या गेस्टसाठीच करा.

चालू ठेवताना

विश्वासाचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाऊन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाल्यावर इंटेलने ५५०० आणि ५६०० साठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीच्या) दुरुस्त्या दिल्या, पण ५४०० च्या पिढीसाठी देणे थांबवले. अशा यंत्रावर अनोळखी माणसाला व्हर्च्युअल मशीन वापरायला देऊ नका.

दूरनियंत्रणाच्या पोर्टबद्दलही तेवढेच गंभीर राहा. हे पोर्ट ज्या आयपीएमआय २.० पद्धतीवर चालतात तिच्यात ओळख पटवण्याची पद्धतच अशी आहे की बाहेरच्या माणसाला पासवर्डचा हॅश मिळवता येतो. तो पोर्ट कधीही इंटरनेटला उघडा ठेवू नका. वेगळ्या, आतल्या नेटवर्कमध्ये ठेवा, किंवा वायरच काढून टाका.

बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्या. प्रॉक्समॉक्समध्ये वेळापत्रक लावून नेटवर्कवरच्या साठवणीत तो घेता येतो. त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या खंडावर ठेवलेली प्रत रेड कार्ड गेले की सोबतच जाते. महिन्यातून एकदा एखादी मशीन त्या प्रतीतून उभी करून पाहा.

अद्यतनांत नवे कर्नल येते तेव्हा घाईने रिस्टार्ट करू नका. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये बदललेला असू शकतो, आणि नेटवर्क पोर्टची नावेही क्वचित बदलतात. नाव बदलले की ब्रिज (सर्व्हर आणि गेस्टना नेटवर्कशी जोडणारा पूल) तुटतो आणि सर्व्हर चालू असूनही पोहोचता येत नाही. म्हणून सर्व्हरसमोर बसलेले असतानाच नव्या कर्नलवर जा. बिनसले तर बूट मेनूच्या ‘अॅडव्हान्स्ड’ भागातून आधीचे कर्नल निवडा, आणि ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल’च्या पिन या सोयीने तेच पक्के करून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी सर्व्हर त्याच कर्नलवर उठेल, आणि नव्यातला अडथळा कुठे आहे ते तुम्हाला सवडीने शोधता येईल.